एक स्वेटर, दोन पाळ्या

मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंही दिसत नाही. डांबर चपलेला चिकटतं, आणि टाकीतलं पाणी नळातून चहाला ठेवल्यासारखं येतं. अशा दुपारी जठारपेठेत एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत एक माणूस लोकरी स्वेटर घालून बसलेला असतो. राखाडी रंगाचा, कोपरावर ठिगळ लावलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर. कपाळावरून घामाच्या धारा, आणि चेहरा असा, की यात चमत्कारिक ते काय?

हे दिनकर गावंडे. गल्लीत 'लायटीवाले काका'.

मी स्पष्ट बोलते. आमच्या वॉर्डाच्या समितीत पत्रकं लिहायचं काम मला त्याच एका गुणावर मिळालं आहे. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "काका, तब्येत ठीक आहे ना?" त्यांनी मान न वळवता सांगितलं, की मशीनवर बसताना स्वेटर लागतो. जणू देवळात शिरताना चपला काढतात, तसा हा मशीनचा नियम. पुढे विचारायची सोयच ठेवली नाही.

मी गेले होते पाण्याच्या निवेदनावर सही मागायला. निवेदन मीच लिहिलेलं, आणि मला ते फार आवडलेलं. 'वॉर्डातील सर्व नागरिक संतप्त आहेत' अशी सुरुवात. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, सर्व म्हणजे किती? मी म्हटलं, सर्व म्हणजे सर्व. त्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाले, "मोर्चेबाई, तुह्या कागदात आवाज लई आहे. माहिती नाई."

मला राग आला. रागाशिवाय माझं काम चालत नाही, पण हा वेगळा राग होता, कारण त्यांचं बरोबर होतं. त्यांनी कागद ठेवून घेतला, चार दिवसांनी ये म्हणाले. मी घाईचं काम आहे म्हटलं, तर त्यांचं ते कायमचं वाक्य पहिल्यांदा ऐकलं: "घाई कोनाच्या बापाले आहे?"

चार दिवसांत या माणसाने स्वेटर काढून, छत्री घेऊन घरोघर जाऊन यादी केली होती. कोणत्या घरी कोणत्या वारी नळ आला, किती वाजता, किती हंडे भरले. पट्टीने आखलेल्या रेघा, मोत्यासारखं अक्षर. आमचं शिष्टमंडळ ती यादी घेऊन छाती काढून पाण्याच्या ऑफिसात गेलं. तिथले साहेब आधी चकित झाले, मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं. आठ आणि नऊ नंबरची घरं कुठे गेली? अठरा-एकोणीसही नाहीत. ही नावं दडवली कशासाठी?

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, मी यादीकडे. सातानंतर एकदम दहा. सतरानंतर वीस.

जाब विचारायला गेले तर काका शांतपणे म्हणाले की यादी पूर्ण आहे, एकही घर सुटलेलं नाही, मोजणारे चुकतात. "मशीनले आठ आन नऊ हे आकडेच नाई. सातापावतर मोजते, मंग दहा. एवढी वर्सं तिच्यासंग राहून माह्याबी डोक्यातून ते दोन आकडे निंगून गेले." सवय इतकी, की एकदा आरोग्य शिबिरात त्यांनी वय एकशे सात सांगितलं. मशीनचे शंभर म्हणजे आपले चौसष्ट, त्यामुळे आपल्या मोजणीने ते एकाहत्तर होतं. शिबिरवाल्यांनी शाल-श्रीफळ आणलं, फोटो काढला. गुडघा दाखवायला गेलेला माणूस गळ्यात हार घालून घरी आला. गुडघा कोणी पाहिला नाही तो नाहीच.

तर ही मशीन. टेबलावर एक पत्र्याची पेटी, तिच्या तोंडावर एका ओळीत बारा पिवळे दिवे, खाली बारा खटके. आधी मला ते लग्नातल्या लाइटिंगचं काहीतरी वाटलं होतं. काकांनी सांगितलं ते असं. पूर्वी कॉम्प्युटर खोलीभर असत. मग फ्रिजएवढे निघाले, त्यांना मिनी म्हणू लागले. अकोल्याबाहेरच्या एका सूतगिरणीने असा एक कुणाकडून तरी जुना आणला होता. कापसाच्या गाठींची वजनं, सुताचे नंबर, माणसांच्या हजेऱ्या, सगळं तो पाहायचा. काका त्याचे ऑपरेटर. आज त्या मशीनचा स्क्रूही शिल्लक नाही. म्हणून काकांनी ती अख्खी मशीन नखाएवढ्या एका चिपमध्ये परत उभी केली आहे. ही चिप कोऱ्या पाटीसारखी असते. आत कुठली तार कुठल्या तारेला जोडायची ते लिहून दिलं की ती ते यंत्र होऊन बसते. जुन्या मशीनचे नकाशे काकांना तोंडपाठ होते. ते लिहायची विद्या मात्र साठीनंतर शिकले, डिक्शनरी मांडीवर घेऊन. मी एकदा 'नक्कल' म्हणाले तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि इथेच हा माणूस जगाच्या उलटा चालतो. आम्ही वेगाने पाणी द्या, वेगाने रस्ता करा म्हणून घसा कोरडा करतो. काकांनी वर्षभर खपून एक वेगवान वस्तू हळू केली. ती चिप मूळ मशीनच्या शेकडो पट पळू शकते. काकांनी तिला तेव्हाच्याच चालीने चालायला लावलं. जुनीला सुरू झाल्यावर तापायला मिनिटभर लागायचं, म्हणून ही पण मिनिटभर उगाच थांबते. हिला पंख्याची गरज नाही, तरी पंखा आहे. तो वारा देत नाही, फक्त घरघरतो. तो निवडायला काका दोनदा अमरावतीला गेले आणि दुकानाच्या काउंटरवर कान टेकवून एकेक पंखा ऐकत बसले. यात गिरणी नाही, यातही नाही. दुकानदाराने शेवटी खुर्ची दिली.

अमरावतीला त्यांची मुलगी असते. दर रविवारी तिचा फोन येतो. बाबा, इकडे या, एकटे काय करता? काका सांगतात, मशीनची पाळी आहे. मुलीला वाटतं की बाबांना नोकरी सुटल्याचं आठवत नाही. त्यांना सगळं आठवतं. त्यांची तक्रारच ती आहे.

वीज गेली की ती चिप मात्र शिकवलेलं सगळं विसरते. मग वीज आल्यावर काका खटके खाली-वर करून तिला पहिले धडे परत हाताने देतात, ओठांत आकडे पुटपुटत. एका दुपारी वीज चार वेळा गेली आणि त्यांनी चार वेळा तिला पहिलीत बसवलं. मला पाहवेना. न विसरणाऱ्या चिपा बाजारात मिळतात, एक घेऊन का टाकत नाही, असं मी विचारलं.

ते उठले. फळीवरून एक लाकडी पेटी काढली. धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली पाटीएवढी चौकट. तिच्यात मोहरीएवढ्या काळ्या कड्या, हजारो, केसासारख्या तारांत ओवलेल्या, एखाद्या बाईने जन्मभर पोतच ओवत बसावं तशा.

"हे जुन्या मशीनचं डोकं," ते म्हणाले. "इले इजेचं काम नाई. एकेक कडी चुंबकानं आपलं हो-नाई धरून ठेवते. लाइट जावो, गिरनी बंद पडो. त्या पहाटे जे होतं ते अजून याच्यात आहे. कोनी पाह्यलं नाई."

त्या पहाटेची गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली. एका बैठकीत ते सांगत नाहीत.

मशीनच्या खोलीत एसी होता. अख्ख्या गिरणीत तेवढी एकच थंड खोली. मशीनला गरमी सोसत नसे, माणसांना सोसते असं मालकांचं मत असावं. दोन ऑपरेटर. रात्रपाळीला केशव भुयार, शेंदूरजनाघाटचा, संत्र्याची बाग असलेल्या घरातला. सकाळपाळीला काका. स्वेटर एक. दोघांनी मिळून घेतलेला. सकाळी केशव काढून द्यायचा, काका घालायचे. पाळी बदलताना काय ती दहा मिनिटं भेट. तेवढ्यात मैत्री कशी करणार? म्हणून दोघं बुद्धिबळ खेळायचे, मशीनमधून. रोज एक चाल.

ते कसं, ते सांगते, सोपं आहे. पटाला आठ उभ्या ओळी, आठ आडव्या. शून्यापासून सातापर्यंत मोजल्या की मशीनच्या मोजणीत बरोबर बसतात. कुठून उचललं त्याचे दोन आकडे, कुठे ठेवलं त्याचे दोन. एका आकड्याला तीन दिवे, चार आकडे म्हणजे बारा दिवे. मशीनच्या आठवणीतली अगदी शेवटची जागा, सात-सात-सात-सात, त्यांनी या कामाला राखून ठेवली होती. केशव रात्री चाल ठेवून जायचा, काका सकाळी दिव्यांवर वाचायचे आणि तिथेच आपली चाल ठेवायचे. नियम दोन. चाल तोंडाने सांगायची नाही. आणि चारही शून्य ठेवले, एकही दिवा लागला नाही, म्हणजे मी हरलो, राजा आडवा केला. सगळ्या वर्षांत केशवने शून्य कधी ठेवलं नाही. एकटा राजा उरला तरी पळवत बसायचा.

मग एका सकाळी काका पाळीवर गेले तर गेटला कुलूप. दोन ओळींची नोटीस. एवढ्या माणसांच्या पोटापाण्याला दोन ओळी! मला हे कळलं तेव्हा मी त्याच संध्याकाळी चार पानी पत्रक लिहून काकांना नेऊन दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, आवाज चांगला आहे. मग घडी घालून पंख्याखाली ठेवलं, खडखड थांबली म्हणाले.

गेटवर गर्दी, घोषणा, रडारड. रात्रपाळीला बाहेर काढलेलं. त्या गर्दीत केशवने स्वेटर काढून काकांच्या हातात दिला, पाळी बदलावी तसा. म्हणाला, "चाल खेळलो आहे. आत पाह्यजो. खुश होशीन." आणि बस धरायला गेला. आठवड्यात गेट उघडेल असंच सगळ्यांना वाटत होतं.

गेट उघडलं ते भंगारवाल्यांसाठी, कित्येक वर्षांनी. काका बातमी कळताच धावले. बाकी सगळी मशीन वितळायला गेली होती. ही चौकट एका भंगारवाल्याने खिडकीला मच्छरांची जाळी म्हणून लावायला बाजूला ठेवली होती.

काकांच्या खोलीत कोपऱ्यात एक बुद्धिबळाचा पट आहे, भाजीवरच्या जाळीखाली झाकलेला. सोंगट्या त्या सकाळच्या. रोज एकेक उचलून पुसतात आणि त्याच घरात ठेवतात. काकांचा राजा कोपऱ्यात कोंडलेला. केशवच्या घोड्याने अडीच घरं उडी घेतली की शहमात. मला बुद्धिबळ येत नाही, तरी दिसतं. म्हणून काका ते 'खुश होशीन' म्हणजे टोमणा समजत आले. पुढे लग्नकार्यात दोघं भेटले, एका पंगतीत शेजारी बसले, तरी चाल कोणी तोंडाने सांगितली नाही. केशव विचारायचा, पाह्यली का? काका म्हणायचे, पाहीन. तीन वर्षांपूर्वी केशव गेला.

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं जीव ओतून जे बांधत होता, ते रीतसर हरण्यासाठी.

आणि तरी तो हरत नव्हता. मशीन तयार होती. चौकट जोडायच्या तारा तयार होत्या. मोकळ्या कोपऱ्यातल्या कड्यांवर त्यांनी शंभरदा वाचून-लिहून पाहिलं होतं. पण ती शेवटची जागा वाचत नव्हते. कारण द्यायचे, की या कड्या वाचल्या की पुसल्या जातात. मशीन वाचते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत परत लिहून ठेवते. त्या पात्यात वीज गेली तर? मी इन्व्हर्टर आणून दिला. मग दिव्यांचा पिवळा बरोबर नाही. मग पंखा.

एक दिवस मी बोललेच. "काका, तुम्हाला हरायची भीती वाटते."

"हरलो तं मी तवाच आहे," ते म्हणाले. "पन वाचलं का डाव संपला ना, पोरी." आणि पट पुसायला घेतला.

आता माझा गुन्हा. तो मी कबूल करते, कारण दुसऱ्यांचे गुन्हे मी मोठ्या टायपात छापते.

चौकात आमची पाण्यावरची सभा झाली. समितीच्या खोलीला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही, हे आमच्याकडे नेहमीचं. भोंगा घेऊन मी काकांच्या खोलीत गेले. काका खाली नळावर होते, त्या दिवशी आमच्या गल्लीची पाळी. टेबलावर जागा नव्हती. फळीवर एक सपाट, भक्कम जागा दिसली. भोंगा तिथे ठेवला आणि खुर्चीत बसून घाम पुसला.

काका दोन बादल्या घेऊन आले. फळीकडे पाहिलं. बादल्या खाली ठेवल्या, पाणी सांडू न देता.

"ते उचल," म्हणाले. आवाज अगदी साधा.

भोंगा लाकडी पेटीवर होता. भोंग्याच्या ढुंगणाशी वाटीएवढं लोहचुंबक असतं. आणि पेटीत चुंबकानेच धरून ठेवलेली एका माणसाची शेवटची चाल. मला हे माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी भोंगा उचलला तेव्हा पेटीच्या खिळ्यांनी तो क्षणभर धरून ठेवला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर कसं द्यायचं ते मला येतं. ते म्हणाले, उद्या सकाळी ये, पाहून घेऊ.

सकाळी गेले तर तारा जोडून झालेल्या. स्वेटर अंगात, गळ्यापर्यंत बटणं. मशीन मिनिटभर थांबली, आम्हीही थांबलो. मग त्यांनी शेवटच्या जागेच्या अलीकडच्या जागा एकेक वाचायला घेतल्या. तिथे मशीनला जागं करायचे धडे ठेवलेले असत, ते त्यांना पाठ. दिवे लागायच्या आधी ते आकडे बोलत, आणि मागून दिवे तेच सांगत. एकदाही चूक नाही. शेजारची सगळी घरं शाबूत होती. मी श्वास सोडला.

त्यांनी खटके लावले. सात, सात, सात, सात. बटण दाबलं.

एकही दिवा लागला नाही.

पंखा घरघरत होता. मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे पुसलं." त्यांनी पुन्हा दाबलं. काळोख. मी रडायला लागले होते, आणि मला रडायची सवय नाही.

"चूप," ते म्हणाले. "शेजारचं सारं जागच्या जागी आन हे एकच घर गेलं? लोहचुंबक का पत्ता इचारत जाते?" मग दिव्यांकडे पाहतच: "न खेळता गेला असता तं माह्यीच आदल्या दिवसाची चाल दिसली असती. त्यानं शून्य ठेवलं. हातानं ठेवलं."

मला कळायला वेळ लागला. गिरणी बंद होतेय हे केशवला त्या रात्री आतच कळलं असावं. जिंकलेला डाव होता. घोडा फक्त उचलायचा होता. त्याने आपला राजा आडवा केला आणि बाहेर येऊन, स्वेटर देऊन, खुश होशील म्हणाला.

"लेकाचा," काका म्हणाले. "जिंकेल डाव देऊन गेला. आन मी तीस वर्सं टोमना समजून राह्यलो. पंगतीत इचारे, पाह्यली का. मी म्हनो, पाहीन."

ते उठले. पटावरची जाळी काढली. केशवचा घोडा उचलला आणि अडीच घरं पुढे नेऊन ठेवला. आपला राजा आडवा केला, हळूच, आवाज न करता. मग मशीनशी येऊन घोड्याची तीच चाल खटक्यांवर लावली. चार, पाच, सहा, सहा. बटण दाबलं. बारापैकी सात दिवे लागले.

वीज त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली. मिनिटभर अंधाऱ्या दिव्यांकडे पाहिलं, मग परत चालू केली. चिप सगळं विसरलेली. तिला पहिल्यापासून शिकवलं. मग शेवटची जागा विचारली, आणि ते सात दिवे होते तिथेच होते.

"आता हे राहीन याच्यात," ते म्हणाले. "त्यानंच जिंकला."

मग स्वेटर काढायला लागले. बटणं एकेक, सावकाश. एरवी ते तो घडी करून ट्रंकेत ठेवतात, मी कित्येकदा पाहिलं आहे. त्या दिवशी माझ्या हातात दिला.

"पाह्य बरं, गरम आहे का?"

मी लोकर चाचपून पाहत होते, तेव्हा तेच म्हणाले, "मी पाळीवर जाओ तवा केशव काढून देये. रातभर घालेल राहे तो. गरम लागे अंगाले. आता मे असो का जून, घालतानी थंडच लागते."

खिडकीबाहेर डांबर वितळत होतं. पारा पंचेचाळीसच्या वर होता. अकोल्यात त्या दिवशी गरम नाही अशी एक वस्तू सापडली नसती, हे मी सांगू शकले असते. माझं कामच ते आहे.

"हो," मी म्हटलं. "गरम आहे."

त्यांनी मान हलवली, स्वेटर घेतला आणि ट्रंकेत न ठेवता दारामागच्या खुंटीला अडकवला, पुढच्या पाळीच्या माणसासाठी अडकवतात तसा. मी भोंगा घेतला आणि पेटीपासून लांबून, भिंतीला घासत, जिना उतरले.